एचटीटीपी/३ चा आधार द्यायचा म्हणजे काय काय करायचं: एका क्लायंट लायब्ररीचं प्रकरण

## पार्श्वभूमी

जळगावातली एक छोटी टीम एक क्लायंट नेटवर्किंग लायब्ररी सांभाळते. कोटलिन भाषेत लिहिलेली, अँड्रॉइडवर आणि जेव्हीएमवर (जावाचे प्रोग्राम चालवणारी यंत्रणा) चालणारी. ॲपने फक्त पत्ता आणि मजकूर द्यायचा. डीएनएस विचारणं (नावावरून सर्व्हरचा पत्ता काढणं), कनेक्शन उघडणं, टीएलएस (बोलणं कूटबद्ध करणं), कॅशे, रीडायरेक्ट, टाइमआउट, मधेच रद्द करणं हे सगळं लायब्ररीने बघायचं. एचटीटीपी/१.१ आणि एचटीटीपी/२ (ॲप आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात त्या प्रोटोकॉलच्या आवृत्त्या) तिला चांगलं जमत होतं. एचटीटीपी/३ येत नव्हतं.

या लायब्ररीवर उभं असलेलं सगळ्यात मोठं ॲप केळीखरेदीचं आहे. रावेर, यावल, चोपडा, शहादा या पट्ट्यातले शेतकरी, टेम्पोवाले आणि खरेदीदार ते वापरतात. सकाळी बऱ्हाणपूरच्या लिलावाचे भाव बघायचे, बागेत कापणी झाली की माल काट्यावर न्यायचा, वजनाच्या पावतीचा फोटो चढवायचा आणि हिशोबाची पट्टी फोनवर येण्याची वाट बघायची, असा दिवसाचा क्रम.

मी या टीमचा भाग नव्हतो. आराखडा तपासायला मला बोलावलं आणि पुढे बहुतेक चर्चांना मी बसलो. माणसांची आणि संस्थांची ओळख पटेल असं सगळं इथे गाळलं आहे. हे प्रकरण लिहावंसं वाटलं, कारण ‘नव्या प्रोटोकॉलचा आधार’ म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर त्या प्रोटोकॉलच्या फ्रेम वाचणं-लिहिणं येतं. ते काम तयार कोडवर भागलं. घाम निघाला तो दुसरीकडे: नवा प्रोटोकॉल कधी वापरायचा नाही हे ठरवण्यात, आणि लायब्ररीने ॲपला आधीच दिलेला शब्द नव्या वाटेवरही पाळण्यात.

## अडचण

तक्रारी दोन प्रकारच्या होत्या. पहिली, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत एक-दोन काड्या रेंज असताना भावांची यादी उघडायला फार वेळ लागतो. दुसरी, पावतीचा फोटो चढता चढता अडकतो.

दुसरी तक्रार टीमने चोपड्याजवळच्या एका काट्यावर उभं राहून पाहिली. टेम्पो काट्यावरून उतरतो, चालक काट्याच्या वायफायवर फोटो टाकतो, फोन खिशात घालतो आणि गाडी काढतो. फाटकाबाहेर वायफाय सुटतं, फोन मोबाइल डेटावर जातो, आणि बराच पुढे आलेला फोटो तिथेच थिजतो. लायब्ररी टाइमआउटची वाट बघत बसते, मग पहिल्यापासून सुरू करते. चालकाने टीमला एवढंच विचारलं, “फोटो गया का नही गया, इतलंच सांगा भाऊ.” त्याला वेगाशी देणंघेणं नव्हतं. पावती पोचली की नाही हे कळल्याशिवाय त्याला पुढच्या बागेकडे निघता येत नव्हतं.

ॲपवाल्यांनी दोन्ही तक्रारी एका ओळीत गुंडाळून लायब्ररीच्या टीमकडे दिल्या: एचटीटीपी/३ द्या.

मागणीला आधार होता. एचटीटीपी/२ टीसीपीवर चालतं, म्हणजे हरवलेली पॅकेटं पुन्हा मागवून सगळं क्रमाने पोचवणाऱ्या जुन्या रीतीवर. टीसीपीचं कनेक्शन, त्यावर टीएलएस १.३, असं करून पहिली रिक्वेस्ट निघायच्या आधी सर्व्हरपर्यंत दोन फेऱ्या होतात. एचटीटीपी/३ ज्यावर चालतं त्या क्विकमध्ये कनेक्शन आणि टीएलएस एकाच फेरीत उरकतात. शिवाय एचटीटीपी/२ च्या सगळ्या रिक्वेस्ट एकाच टीसीपी प्रवाहात गुंफलेल्या असतात, त्यामुळे एक पॅकेट हरवलं की ते परत येईपर्यंत सगळ्या खोळंबतात. क्विकमध्ये प्रत्येक प्रवाहाचा हिशोब वेगळा, त्यामुळे एकाचं पॅकेट हरवलं तर बाकीचे थांबत नाहीत. क्विकचं मानक आरएफसी ९००० (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या मानकांचे दस्तऐवज) मे २०२१ मध्ये आलं, एचटीटीपी/३ चं आरएफसी ९११४ जून २०२२ मध्ये. म्हणजे मानक पक्कं होतं.

टीमने पहिल्याच बैठकीत जे केलं त्याचं मला फार मोल वाटतं. दोन्ही तक्रारी वेगळ्या केल्या आणि प्रत्येकीला विचारलं, एचटीटीपी/३ ने हिचं नेमकं काय सुटेल? भावांच्या यादीत लहान लहान रिक्वेस्ट बऱ्याच, त्यातली पहिली बहुतेक वेळा नव्या कनेक्शनवर. तिथे फायदा दिसत होता. फोटो मात्र एकच मोठा प्रवाह. एकट्या प्रवाहाला बाकीच्यांपासून मोकळं होण्याचा काय फायदा? त्याची आशा होती ती क्विकच्या दुसऱ्या गुणावर. टीसीपीचं कनेक्शन दोन्ही टोकांचे आयपी पत्ते आणि पोर्ट यांनी ओळखलं जातं. त्यातलं काही बदललं की कनेक्शन मेलं. क्विकमध्ये कनेक्शनला स्वतःचा आयडी असतो, त्यामुळे पत्ता बदलला तरी ते जिवंत राहू शकतं. ‘शकतं’ हा शब्द पुढे बराच महागात पडला.

## समोर असलेले मार्ग

क्विक स्वतः कोटलिनमध्ये लिहिणं हा एक मार्ग. टीममधल्या एकाला तो मनापासून हवा होता, कारण लायब्ररीत तोवर नेटिव्ह कोड (थेट प्रोसेसरसाठी बांधलेला) अजिबात नव्हता आणि तीच तिची ओळख होती. पण क्विक म्हणजे नुसत्या फ्रेम नव्हेत. पॅकेट हरवलं हे ओळखणं, किती वेगाने पाठवायचं हे ठरवणं, टीएलएसच्या आतल्या किल्ल्या काढून घेणं, हे सगळं आलं. जावात टीएलएस सांभाळणाऱ्या एसएसएल-इंजिनमध्ये क्विकला लागणाऱ्या त्या किल्ल्या बाहेर देण्याची सोयच नव्हती. म्हणजे टीएलएससुद्धा स्वतः लिहावं लागलं असतं. ज्या टीमकडे सुरक्षेची चूक पकडणारा स्वतंत्र माणूस नाही, तिने हे करू नये असं मी तेव्हाही म्हटलं आणि आजही म्हणेन.

दुसरा मार्ग क्रोमचं नेटवर्किंग बाहेर काढून बनवलेलं क्रोनेट. ते रुळलेलं आहे, पण लायब्ररीच्या जागी येणारी ती दुसरी पूर्ण लायब्ररीच आहे. तिचा कॅशे वेगळा, कनेक्शनचा साठा वेगळा. ॲपवाल्यांनी वर्षानुवर्षं लिहिलेले इंटरसेप्टर (प्रत्येक रिक्वेस्ट मधेच तपासणारे कोडचे तुकडे) तिच्याभोवती बसवताना अर्ध्या गोष्टी अर्थ बदलून चालल्या असत्या. अँड्रॉइड १४ पासून अशीच सोय सिस्टिममध्येच मिळते, पण या पट्ट्यातले फोन बरेच जुने.

तिसरा, रस्टमध्ये लिहिलेलं क्लाउडफ्लेअरचं खुलं क्विक, क्विश, जेएनआयने (जावातून नेटिव्ह कोड बोलावण्याची सोय) जोडून घेणं. त्यात सॉकेट आणि घड्याळ वापरणाऱ्याच्या हातात राहतात. क्विश फक्त ‘हे पॅकेट आलं, आता हे पाठव’ एवढंच सांगतं. लायब्ररीच्या जुन्या रचनेत ते नीट बसत होतं. तोटा असा की प्रत्येक प्रोसेसर-जातीसाठी वेगळी नेटिव्ह फाइल बांधावी लागते आणि ॲप फुगतं.

चौथा, काही काळ एचटीटीपी/३ लाच हात लावायचा नाही.

निवड तिसऱ्याची झाली, पण सुरुवात चौथ्यापासून. आधी जुन्या वाटेची मोजणी केली, तेव्हा दिसलं की ॲपमध्ये क्लायंट ऑब्जेक्ट प्रत्येक स्क्रीनवर नव्याने बनवला जात होता. म्हणजे कनेक्शनचा साठा दर वेळी रिकामाच. ते दुरुस्त करताच भावांची यादी बरीच सुधारली. हे आधी झालं म्हणून नंतरच्या मोजणीत एचटीटीपी/३ ला न मिळवलेलं श्रेय मिळालं नाही.

एचटीटीपी/३ वेगळं मॉड्यूल म्हणून द्यायचं ठरलं. ज्याला हवं त्याने जोडावं. आकार हे एक कारण. दुसरं कारण कोटलिन वापरणाऱ्यांना लगेच पटेल. उत्तर कोणत्या प्रोटोकॉलवर आलं हे लायब्ररी एका एनममधून (ठरलेल्या किमतींची यादी) सांगते. त्यात नवी किंमत घातली की सगळ्या किमती मोजून लिहिलेलं ॲपमधलं ‘व्हेन’ (किमतीनुसार वाट निवडणारी रचना) मोडतं: नव्याने कंपाइल केलं तर तिथे, आणि जुना कंपाइल केलेला कोड असेल तर थेट चालताना. मॉड्यूल जोडल्याशिवाय ती किंमत कुणाच्या वाट्याला येणारच नाही, अशी सोय केली. पुढे जावाच्या जेडीकेतल्या स्वतःच्या क्लायंटसाठी जेईपी ५१७ या बदलाच्या प्रस्तावातही मूळ पसंती एचटीटीपी/२ चीच ठेवून एचटीटीपी/३ मागितलं तर द्यायचं असंच ठरलं, हे बघून बरं वाटलं.

## सर्व्हरला एचटीटीपी/३ येतं हे कसं कळणार

एचटीटीपी/३ चा पत्ता वेगळा नसतो. तेच एचटीटीपीएस, सहसा तेच ४४३ पोर्ट, फक्त टीसीपीऐवजी यूडीपी, म्हणजे पोचल्याची खात्री न करता सुटी पॅकेटं पाठवणं. सर्व्हर आधीच्या उत्तरात ऑल्ट-एसव्हीसी हेडर पाठवून सांगतो की मी एचटीटीपी/३ वरही आहे आणि ही माहिती इतके सेकंद धरून चाला. मुदत दिली नसेल तर ती २४ तास. दुसरी वाट डीएनएसमधल्या एचटीटीपीएस रेकॉर्डची, आरएफसी ९४६०, नोव्हेंबर २०२३. तिथे पहिल्याच रिक्वेस्टच्या आधी कळतं. पण नेहमीच्या डीएनएस फंक्शनमधून तो रेकॉर्ड मिळत नाही, त्याची वेगळी चौकशी करावी लागते. टीमने ऑल्ट-एसव्हीसी घेतलं.

पहिली आवृत्ती थोड्या फोनवर गेली आणि मोजणीत एचटीटीपी/३ वर गेलेल्या रिक्वेस्ट जवळपास दिसेनातच. कोड बरोबर होता, चाचण्या हिरव्या होत्या. कारण माणसांच्या वापरात होतं. शेतकरी ॲप उघडतो, भाव बघतो, बंद करतो. पहिली रिक्वेस्ट एचटीटीपी/२ वर जाते, तिच्या उत्तरात ‘मी एचटीटीपी/३ वरही आहे’ हे कळतं, आणि ते वापरायची वेळ यायच्या आत ॲप बंद. माहिती फक्त मेमरीत होती, ती ॲपबरोबर गेली. उद्या सकाळी पुन्हा पहिल्यापासून.

मग माहिती डिस्कवर ठेवायचं ठरलं. इथे घाई झाली असती तर नवी अडचण आली असती, कारण मानकात (आरएफसी ७८३८) स्पष्ट लिहिलं आहे की नेटवर्क बदललं की ‘पर्सिस्ट’ अशी खूण नसलेली माहिती क्लायंटने टाकून द्यावी. कारणही योग्य आहे: एका नेटवर्कवर जे पोचतं ते दुसऱ्यावर पोचेलच असं नाही. सर्व्हर चालवणाऱ्यांशी बोलून त्यांनी ती खूण लावायला सुरुवात केली. लायब्ररीने त्यापुढे जाऊन ‘इथे चाललं’ आणि ‘इथे चाललं नाही’ हे दोन्ही नेटवर्कनिहाय वेगळं लिहून ठेवलं. काट्याचं वायफाय, घरचं वायफाय, मोबाइल डेटा, प्रत्येकाची नोंद वेगळी.

## रांग की शर्यत

या मुद्द्यावर सगळ्यात जास्त वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता.

पहिला आराखडा रांगेचा होता. सर्व्हरला एचटीटीपी/३ येतं हे माहीत आहे ना, मग आधी क्विक करून बघू. नाही जमलं तर टीसीपी. कागदावर नीटनेटकं दिसतं. मग एका खरेदीदाराच्या कार्यालयातून लॉग आला. तिथल्या फायरवॉलला ४४३ वर टीसीपी चालत होतं, यूडीपी चालत नव्हतं. आणि फायरवॉल ‘नाही’ असंही म्हणत नव्हती, पॅकेट गुपचूप गिळत होती. लॉगमध्ये ओळी अशा: शून्याला पहिलं पॅकेट गेलं. एका सेकंदाने तेच पुन्हा. मग तिसऱ्या सेकंदाला. मग सातव्याला. त्यानंतर टाइमआउट, आणि मग कुठे टीसीपी, जे क्षणात जोडलं गेलं.

हे आकडे क्विशचा दोष नव्हेत. आरएफसी ९००२ मध्येच सांगितलं आहे की समोरच्याचं अंतर माहीत नसताना फेरीला ३३३ मिलिसेकंद लागतील असं धरा. त्यावरून पहिली पुनरावृत्ती साधारण एका सेकंदाने होते आणि पुढे थांबण्याचा वेळ दुप्पट होत जातो. प्रोटोकॉल आपल्या जागी बरोबर वागत होता. पण त्याच्या सौजन्याची किंमत माणूस स्क्रीनकडे बघत मोजत होता.

शर्यतीचा आराखडा असा: क्विक आधी सुटतं, थोड्या वेळात जोडलं गेलं नाही तर टीसीपीही सुटतं, जे आधी पोचेल त्यावर रिक्वेस्ट जाते. आयपीव्ही६ आणि आयपीव्ही४ साठी हीच रीत ‘हॅपी आयबॉल्स’ या नावाने रुळलेली आहे, आणि आरएफसी ८३०५ त्यात २५० मिलिसेकंदांचं अंतर सुचवतो. टीमने तिथूनच सुरुवात केली.

विरोध सर्व्हरकडच्या अनुभवी माणसाचा होता. कमजोर रेंजवर २५० मिलिसेकंदांत क्विकची एक फेरीही होत नाही, म्हणजे प्रत्येक फोन दोन-दोन कनेक्शन उघडणार. ज्या माणसांसाठी हे करतोय त्यांच्याच जाळ्यावर दुप्पट भार. हा मुद्दा वजनाचा होता. तोडगा असा निघाला की त्या नेटवर्कवर आधी फेरीला किती वेळ लागला हे माहीत असेल तर टीसीपीला तितकं उशिरा सोडायचं. माहीत नसेल तरच २५०.

हरलेल्याचं काय करायचं हाही निर्णयच. क्विक जिंकलं तर टीसीपी लगेच सोडून द्यायचं. टीसीपी जिंकलं तर क्विकला थोडा वेळ चालू ठेवायचं. पोचलं तर पुढच्या रिक्वेस्ट त्यावर.

आणि एक बारीक गोष्ट, जी मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत शहाणपणाची वाटते. ‘या नेटवर्कवर एचटीटीपी/३ चालत नाही’ ही नोंद कधी करायची? क्विक जमलं नाही एवढ्यावरून करायची नाही. घाटात रेंजच गेली तर क्विकही जमत नाही आणि टीसीपीही. त्यावरून क्विकवर ठपका ठेवला, तर ज्या भागात त्याची सर्वांत जास्त गरज तिथेच ते सतत बंद राहणार. म्हणून नियम: टीसीपी जोडलं गेलं आणि त्याच वेळी क्विक गेलं नाही, तरच नोंद. नोंद पाच मिनिटांची, पुन्हा तसंच झालं तर दुप्पट. धडगावच्या वाटेवर घेतलेल्या चाचणीत हा नियम नसताना आणि असताना पडलेला फरक नुसत्या लॉगवर नजर टाकली तरी कळत होता.

## आधी दिलेले शब्द

लायब्ररी ॲपला काही गोष्टी कबूल करून बसलेली असते. त्या कुठे लिहिलेल्या असतात, कुठे नसतात, पण लोक त्यांच्यावर विसंबतात.

सर्टिफिकेट पिनिंग हा त्यातला सर्वांत नाजूक शब्द. ॲपने सांगितलेलं असतं की या सर्व्हरचं सर्टिफिकेट याच किल्लीचं असेल तरच बोला. क्विश स्वतःबरोबर बोरिंगएसएसएल ही टीएलएसची लायब्ररी आणतं. त्याला अँड्रॉइडचे विश्वासाचे नियम माहीत नसतात, ॲपचे पिन तर नसतातच. जोडणी नीट झाली नाही तर तेच ॲप टीसीपीवर सुरक्षित आणि यूडीपीवर उघडं, असं होऊ शकतं, आणि कुणाला कळणारही नाही. टीमने हँडशेकनंतर (कनेक्शन जोडतानाची सुरुवातीची देवाणघेवाण) सर्व्हरची सर्टिफिकेटं काढून ती लायब्ररीच्या जुन्याच तपासणीतून घालवली, आणि ती पार पडेपर्यंत रिक्वेस्टचा एकही बाइट पाठवायचा नाही असं केलं. तपासणी नापास झाली तर टीसीपीवर परत जायचं नाही, सरळ चूक दाखवायची. पिन जुळत नाही म्हणजे रस्ता खराब आहे असं नव्हे, समोरचा माणूस वेगळा असू शकतो.

प्रॉक्सी लावलेली असेल तर एचटीटीपी/३ बंद. कार्यालयांतल्या नेहमीच्या प्रॉक्सी टीसीपीच पुढे नेतात. यूडीपी नेण्याची रीत आरएफसी ९२९८ ने २०२२ मध्ये आणली, पण या ग्राहकांपैकी कुणाकडे ती नव्हती. प्रॉक्सी डावलून थेट यूडीपीने बाहेर जाणं शक्य होतं आणि तो विश्वासघात ठरला असता.

हेडर दाबून पाठवणाऱ्या क्यूपॅकमधला बदलता तक्ता टीमने शून्यावर ठेवला. थोडे बाइट जास्त जातात, पण एका प्रवाहाच्या हेडरसाठी दुसरा प्रवाह खोळंबण्याची शक्यता संपते.

## तीच रिक्वेस्ट पुन्हा पाठवायची का

क्विकमध्ये ओळखीच्या सर्व्हरला हँडशेक पुरा व्हायच्या आधीच रिक्वेस्ट पाठवता येते; याला झिरो-आरटीटी म्हणतात. मंद जाळ्यावर याहून आकर्षक काही नाही. पण असा मजकूर मधल्या कुणी टिपून पुन्हा पाठवला तर सर्व्हरला तो नवाच वाटू शकतो. भावांची यादी दोनदा मागितली गेली तर बिघडत नाही. वजनाची नोंद दोनदा गेली तर एका शेतकऱ्याच्या नावावर तोच माल दोनदा चढतो, आणि पट्टीवरून भांडण लागतं.

ॲपवाल्यांनी आग्रह धरला, टीमने मूळ सेटिंगमध्ये झिरो-आरटीटी बंद ठेवलं. मागितलं तर फक्त गेटसाठी, म्हणजे नुसती माहिती मागणाऱ्या रिक्वेस्टसाठी. सर्व्हरने ४२५, म्हणजे ‘फार लवकर आलास’, असं उत्तर दिलं तर हँडशेकनंतर तीच रिक्वेस्ट पुन्हा.

कनेक्शन मधेच तुटलं तर काय, हा प्रश्न याच कुळातला. सर्व्हरने रिक्वेस्टला हातच लावला नाही असं स्पष्ट सांगितलं असेल (एचटीटीपी/३ मध्ये त्यासाठी वेगळा कोड आहे आणि गोअवे फ्रेममध्ये कुठपासूनच्या रिक्वेस्ट घेतल्या नाहीत तेही येतं) तर लायब्ररी गुपचूप एचटीटीपी/२ वर पाठवते. नाहीतर पोस्ट (नोंद चढवणारी रिक्वेस्ट) पुन्हा पाठवायची नाही, ॲपला कळवायचं. ॲपवाल्यांनी मग प्रत्येक वजननोंदीला फोनवरच एक क्रमांक द्यायला सुरुवात केली, म्हणजे दोनदा पोचली तरी सर्व्हर एकच धरेल. हे एचटीटीपी/३ नसतं तरी करायला हवं होतं.

## वायफाय सुटल्यावर

आता तो फोटो. क्विकचं कनेक्शन वायफायवरून मोबाइल डेटावर न्यायचं म्हणजे नव्या नेटवर्कला बांधलेलं नवं सॉकेट उघडायचं, तिथून पाठवायला लागायचं, आणि दोन्ही टोकांनी नवी वाट तपासून घ्यायची. क्लायंटच्या बाजूने हे चाललं. टीमच्या चाचणी-सर्व्हरवर तर सुंदर चाललं. वायफाय बंद केलं आणि फोटो क्षणभर थांबून पुढे सरकला.

खऱ्या सर्व्हरवर चाललं नाही. तिथे पुढे लोड बॅलन्सर (येणारी पॅकेटं अनेक मशीनमध्ये वाटणारा) होता आणि तो पॅकेटचा आयपी पत्ता आणि पोर्ट बघून ठरवत होता की हे कुठल्या मशीनकडे द्यायचं. फोनचा पत्ता बदलला की पॅकेट दुसऱ्याच मशीनकडे, ज्याला त्या कनेक्शनचा गंधही नाही. कनेक्शन आयडीवरून वाट ठरवणारा बॅलन्सर असेल तरच क्विकचा हा गुण उपयोगाचा, आणि तो बदल क्लायंट लायब्ररीच्या हातात नसतो.

यातूनच आणखी एक गूढ उकललं. थोडा वेळ शांत बसलेल्या कनेक्शनवर नवी रिक्वेस्ट पाठवली की ती कधी कधी लटकायची. मोबाइल कंपन्यांचे नॅट (अनेक फोनना एकाच बाहेरच्या पत्त्यामागे ठेवणारी यंत्रं) यूडीपीची नोंद फार काळ ठेवत नाहीत. आरएफसी ४७८७ म्हणतो दोन मिनिटं तरी ठेवा. आरएफसी ९००० त्याचा दाखला देऊन सांगतो की प्रत्यक्षात बहुतेक मधल्या यंत्रांना टिकवायला दर ३० सेकंदांनी काहीतरी पाठवावं लागतं. नोंद गेली की बाहेरून पोर्ट बदललेलं दिसतं आणि बॅलन्सर पुन्हा दुसरीकडे पाठवतो. दर ३० सेकंदांनी पिंग पाठवून बॅटरी जाळायची की निवांत कनेक्शन लवकर सोडून द्यायचं? टीमने सोडून द्यायचं ठरवलं. नवं जोडायला एकच फेरी लागते, त्यामुळे हा सौदा परवडतो. एचटीटीपी/२ च्या कनेक्शनना लावलेली मोठी मुदत इथे सरसकट वापरली असती तर हे लटकणं कायमचं राहिलं असतं.

कनेक्शन एका नेटवर्कवरून दुसऱ्यावर नेणं, म्हणजे स्थलांतर, पहिल्या आवृत्तीत बंद ठेवलं. फोटोसाठी ॲप आणि सर्व्हर यांनी तुकड्यांनी चढवण्याची सोय केली: जिथे तुटलं तिथून पुढे, प्रोटोकॉल कुठलाही असो. फाटकाबाहेर थिजणारा फोटो सुटला तो यामुळे.

## परिणाम

कमजोर रेंजवर भावांची यादी आता लवकर उघडते आणि पॅकेट हरवत असताना फरक जास्त जाणवतो. जळगाव शहरात चांगल्या वायफायवर फरक जवळपास नाही. यूडीपी अडवणाऱ्या कार्यालयांतून तक्रार येणं थांबलं. वजनाची नोंद दुबार होण्याची वाट बंद झाली. जुन्या फोनवर मोठ्या डाउनलोडला प्रोसेसर जास्त राबतो, कारण टीसीपीचं जे काम कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) करतो ते क्विकमध्ये ॲपलाच पॅकेटमागून पॅकेट करावं लागतं. म्हणून नकाशांच्या मोठ्या फाइल ॲपवाल्यांनी एचटीटीपी/२ वरच ठेवल्या.

## काय वेगळं करता आलं असतं

सर्व्हर चालवणाऱ्यांशी पहिल्या आठवड्यातच बसायला हवं होतं. लोड बॅलन्सर पत्त्यावरून वाट ठरवतो की आयडीवरून, एवढा एक प्रश्न विचारला असता तर स्थलांतराचं काम मागे ठेवता आलं असतं. ‘पर्सिस्ट’ची खूणही तेव्हाच मागता आली असती.

एचटीटीपी/३ ची मोजणीही आधीच उभी करायला हवी होती. एकूण रिक्वेस्टपैकी किती एचटीटीपी/३ वर गेल्या, किती वेळा शर्यत हरली, कुठल्या कारणाने परत यावं लागलं, हे तीन आकडे पहिल्या दिवसापासून दिसत असते तर डिस्कवरच्या नोंदीचा मुद्दा फोनवर जाण्याआधीच लक्षात आला असता. क्विकची पॅकेटं बाहेरून वाचता येत नाहीत, कारण पोचपावत्यांसकट जवळपास सगळं कूटबद्ध असतं. त्यामुळे वायरशार्क (पॅकेटं टिपून दाखवणारं साधन) लावून बसण्याची सवय इथे किल्ल्या हाताशी असल्याशिवाय कामाची नाही. क्यूलॉगची (क्विकच्या आतल्या घटनांची नोंद) सोय लायब्ररीत सुरुवातीपासून असायला हवी. टीमने ती मधल्या टप्प्यात घातली आणि त्यानंतर प्रत्येक वाद लवकर मिटला.

चाचण्यांबद्दल माझं मत टीमपेक्षा जरा कडक आहे. यूडीपी पूर्ण बंद, यूडीपी सुरू पण दर काही पॅकेटांमागे एक गायब, हँडशेक होतो पण त्यानंतर मोठी पॅकेटं जात नाहीत, आणि दोन्ही वाटा बंद: या चार स्थिती लिनक्सवर आयपीटेबल्स (पॅकेटं अडवणारं साधन) आणि नेटएम (पॅकेटं मुद्दाम हरवणारं साधन) यांनी सहज उभ्या करता येतात. प्रत्येक बदलाबरोबर त्या आपोआप चालायला हव्यात. तिसरी खास महत्त्वाची. क्विकच्या पहिल्या पॅकेटचा आकार किमान १२०० बाइट असावा लागतो, म्हणजे हँडशेक झाला तर तेवढं जातं हे कळतं. त्याहून मोठं जाईल हे मात्र तपासूनच ठरवावं लागतं. टीमने १२०० वरच राहायचं ठरवलं. ते सुरक्षित आहे, पण मोठ्या फाइलींना पॅकेटं जास्त लागतात, आणि जुन्या फोनवरचा प्रोसेसरचा भार काही अंशी इथूनच येतो असं मला वाटतं. हे मोजून पाहायचं राहिलं आहे.

डीएनएसच्या एचटीटीपीएस रेकॉर्डचं काम आता सुरू झालं आहे. ते झालं की नव्या फोनवरची पहिली रिक्वेस्टही एचटीटीपी/३ वर जाऊ शकेल. मात्र तेव्हा शर्यतीचा नियम पुन्हा तपासावा लागेल, कारण आजवर क्विक सुटत होतं ते सर्व्हरकडून एकदा उत्तर येऊन गेल्यावर. पुढे ते अगदी अनोळखी नेटवर्कवर, कुठलीही नोंद हाताशी नसताना सुटणार आहे.